विश्लेषण : रॅम घेतली ६००० ची, चालते ४८०० वर! खोक्यावरचा वेग संगणकात का मिळत नाही?

डेस्कटॉपसाठी नवी रॅम घेतली. खोक्यावर ठळक आकड्यात ६००० लिहिलेले होते. घरी आणून बसवली, संगणक सुरू केला आणि विंडोजमध्ये वेग दिसला ४८००. मग शंका सुरू होतात. रॅम बनावट आहे का? दुकानदाराने दुसरीच दिली का? की मदरबोर्डमध्ये बिघाड आहे? बहुतेक वेळा यातले काहीच नसते. तरीही ग्राहकाची तक्रार निराधार म्हणता येत नाही. नेमक्या याच मुद्द्यावर अमेरिकेत रॅम विकणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांना ग्राहकांशी तडजोड करावी लागली आहे. खोक्यावरचा आकडा नेमका काय सांगतो, तो वेग मिळवायचा कसा, मिळाला नाही तर अडते कुठे आणि जबाबदार कोण, हे समजून घेऊ.

हा प्रश्न आत्ताच का महत्त्वाचा?

पहिले कारण म्हणजे किंमत. २०२५ च्या अखेरीस जगभर रॅमचे भाव भडकले. मेमरी चिपचा बाजार प्रामुख्याने सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हातात आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते आणि त्यात नफाही जास्त असतो. त्यामुळे या कंपन्यांचे उत्पादन तिकडे वळले आणि घरगुती संगणकांसाठीचा पुरवठा आटला. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा व्यवसायच बंद करत असल्याचे जाहीर केले.

रॅम स्वस्त होती तेव्हा वेग थोडा कमी मिळाला तरी फारसे कुणी मनावर घेत नव्हते. आता मुंबईतील लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, रॅम हा संगणकाच्या बिलातला मोठा आकडा झाला आहे. त्यातही जास्त वेगाच्या रॅमला जास्त पैसे मोजावे लागतात. ज्या वेगासाठी ते मोजले तोच मिळत नसेल, तर प्रश्न विचारला जाणारच.

अमेरिकेत काय घडले?

कोर्सेअर कंपनीविरुद्ध कॅलिफोर्नियातील संघराज्य न्यायालयात ग्राहकांनी सामूहिक दावा केला. डेस्कटॉपच्या रॅमवर जो वेग छापलेला असतो, तो रॅम बसवल्याबरोबर मिळत नाही, त्यासाठी ग्राहकाला स्वतः सेटिंग बदलावे लागते आणि ही बाब खोक्यावर पुरेशी स्पष्ट केलेली नाही, असा ग्राहकांचा मुद्दा होता. कंपनीने आरोप फेटाळले, मात्र ५५ लाख डॉलरची तडजोड मान्य केली. २१३३ पेक्षा जास्त वेगाची डीडीआर४ आणि ४८०० पेक्षा जास्त वेगाची डीडीआर५ रॅम विकत घेणारे अमेरिकेतील ग्राहक त्यासाठी पात्र ठरले.

पाठोपाठ जी.स्किल या कंपनीविरुद्धच्या अशाच दाव्यात २४ लाख डॉलरची तडजोड झाली. या कंपनीनेही चूक कबूल केलेली नाही.

या प्रकरणांतील पैशांपेक्षा महत्त्वाची आहे ती दुसरी अट. खोक्यावर आणि जाहिरातीत यापुढे नुसता वेगाचा आकडा न देता ‘इतक्या वेगापर्यंत’ असे लिहायचे, त्यासाठी सेटिंग बदलावे लागते हे सांगायचे आणि प्रत्यक्ष वेग मदरबोर्ड व प्रोसेसरवर अवलंबून असतो हेही नमूद करायचे, असे कंपन्यांनी मान्य केले. जाणकारांना हे वर्षानुवर्षे ठाऊक होते. सामान्य ग्राहकाला ते खोक्यावर वाचायला मिळावे, यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागले.

मग खोक्यावरचा आकडा खोटा असतो का?

खोटा नसतो, पण अर्धवट असतो. रॅमचे प्रमाण ठरवणारी ‘जेडेक’ नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. कोणत्या पिढीची रॅम किती वेगाने आणि किती व्होल्टेजवर चालावी, हे तिच्या मानकात असते. डीडीआर४ साठी हे प्रमाणित वेग १६०० पासून ३२०० पर्यंत आहेत. डीडीआर५ चे मानक जुलै २०२० मध्ये आले आणि बाजारात तिची सुरुवात ४८०० पासून झाली.

प्रत्येक रॅम स्टिकवर एक छोटी चिप असते. तिला एसपीडी म्हणतात. या स्टिकची क्षमता किती, ती कोणत्या वेगाने चालते, किती व्होल्टेज लागते, ही माहिती त्यात साठवलेली असते. संगणक सुरू होताना मदरबोर्डचा बायोस ही चिप वाचतो. त्याला काहीच सांगितलेले नसेल तर तो प्रमाणित आणि सुरक्षित वेग निवडतो. म्हणूनच ६००० ची रॅम ४८०० वर सुरू होते. काही किटमध्ये हा मूळ वेग ५६०० असतो, तर डीडीआर४ मध्ये तो बहुधा २१३३, २४०० किंवा २६६६ असतो.

मग ६००० कुठे असते? त्याच चिपमध्ये, पण वेगळ्या कप्प्यात. इंटेलने डीडीआर३ च्या काळात, २००७ मध्ये ‘एक्सएमपी’ ही पद्धत आणली. एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० प्रोसेसरसोबत डीडीआर५ साठी ‘एक्स्पो’ आणली. दोन्हींचा अर्थ एकच. रॅम बनवणाऱ्या कंपनीने तपासून ठरवलेला जास्त वेग, त्यासाठी लागणारे व्होल्टेज आणि इतर आकडे एका प्रोफाइलमध्ये भरून ठेवलेले असतात. ते प्रोफाइल ग्राहकाने बायोसमध्ये जाऊन निवडायचे असते. तांत्रिक भाषेत हे ओव्हरक्लॉकिंग झाले, म्हणजे प्रमाणित मर्यादेच्या पुढे जाऊन चालवणे. डीडीआर५ चे प्रमाणित व्होल्टेज १.१ आहे. ६००० च्या अनेक किटना १.३५ व्होल्ट लागतात, यावरून फरक लक्षात येईल.

३००० दिसते, म्हणजे निम्माच वेग मिळतोय?

नाही. हा सर्वांत जास्त गोंधळ घालणारा भाग आहे. डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. घड्याळाच्या एका ठोक्यात ही रॅम दोनदा डेटा पाठवते. त्यामुळे ३००० मेगाहर्ट्झवर चालणारी रॅम सेकंदाला ६००० मेगाट्रान्सफर करते. खोक्यावर छापला जातो तो दुसरा आकडा.

सीपीयू-झेडसारखी सॉफ्टवेअर घड्याळाचा खरा वेग दाखवतात. तिथे ३००० च्या आसपास आकडा दिसत असेल तर रॅम ६००० वरच चालते आहे. २४०० दिसत असेल तर ती ४८०० वर आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मात्र दुप्पट केलेला आकडा दिसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबा, परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी निवडा. तिथे वेग आणि किती स्लॉट वापरले आहेत, हे दोन्ही कळते. दुकानात भांडायला जाण्याआधी हे एकदा पाहून घ्यावे.

खोक्यावरचा वेग सुरू कसा करायचा?

संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ बटण दाबून बायोसमध्ये जायचे. तिथे एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय असतो. प्रत्येक कंपनीचे नाव थोडे वेगळे. एएमडीच्या जुन्या, डीडीआर४ बोर्डांवर आसुस ‘डीओसीपी’ म्हणते, तर एमएसआय ‘ए-एक्सएमपी’. पर्याय निवडायचा, सेव्ह करून बाहेर पडायचे आणि विंडोजमध्ये वेग पुन्हा तपासायचा. बहुतेकांची तक्रार इथेच मिटते.

डीडीआर५ च्या संगणकात हा बदल केल्यावर पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन काही मिनिटे काळीच राहू शकते. या वेळेत बोर्ड नव्या वेगावर रॅमची जुळवाजुळव करत असतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएमडीच्या नव्या बोर्डांवर हा वेळ जास्त जाणवतो. अनेक जण इथेच घाबरून बटण दाबून संगणक बंद करतात आणि मग खरोखरच अडचण होते. दहाएक मिनिटे थांबणे उत्तम.

वेग आधी मिळत होता आणि अचानक कमी झाला, असेही घडते. बायोस अपडेट केल्यावर बहुधा सगळी सेटिंग मूळ पदावर येतात आणि प्रोफाइल बंद होते. जुन्या संगणकात मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला तरी हेच होते. संगणकाची तारीख आणि वेळही दर वेळी चुकत असेल, तर सेल बदलायची वेळ झाली असे समजावे.

सेटिंग केले, तरी वेग वाढत नाही. अडते कुठे?

इथून पुढे प्रश्न एकट्या रॅमचा राहत नाही. रॅमशी बोलणारा भाग, म्हणजे मेमरी कंट्रोलर, आता मदरबोर्डवर नसून प्रोसेसरच्या आत असतो. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये तो घरगुती प्रोसेसरमध्ये नेला. त्यामुळे रॅम कितीही वेगवान असली तरी प्रोसेसर आणि बोर्ड या दोघांनी होकार द्यावा लागतो.

प्रोसेसर कंपन्या जो वेग अधिकृतपणे मान्य करतात, तो खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा बराच कमी असतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरसाठी तो डीडीआर५ मध्ये ५६०० आहे. रायझन ७००० साठी ५२०० आणि रायझन ९००० साठी ५६००. त्यापुढचा वेग बहुधा मिळतो, पण त्याची हमी प्रोसेसरची कंपनी देत नाही.

मदरबोर्डचा चिपसेट ही दुसरी मर्यादा. इंटेलच्या एच६१० बोर्डांवर रॅम ओव्हरक्लॉक करता येत नाही. बी६६० आणि बी७६० वर येते. जुन्या संगणकांत हे आणखी कडक होते. एच४१० बोर्ड आणि दहाव्या पिढीचा आय५ असेल तर रॅम २६६६ च्या वर जात नाही. अशा संगणकात ३२०० ची डीडीआर४ बसवली तर ती चालेल, पण २६६६ वर. कोणतेही सेटिंग तिथे उपयोगी पडणार नाही. ऑफिसमध्ये दिसणाऱ्या अनेक ब्रँडेड डेस्कटॉपच्या बायोसमध्ये तर हा पर्यायच दिलेला नसतो.

स्वस्त बोर्ड आणि महाग रॅम ही जोडी आपल्याकडे सर्रास विकली जाते. तो व्यवहार बेकायदा नाही, पण ग्राहकाने जास्त वेगासाठी मोजलेले पैसे त्यात वाया जातात.

चार स्टिक लावल्या की वेग का पडतो?

मदरबोर्डवर चार स्लॉट दिसतात, म्हणून चारही भरावेत असे वाटणे स्वाभाविक आहे. डीडीआर५ मध्ये मात्र ते महागात पडू शकते. प्रत्येक वाढीव स्टिकमुळे मेमरी कंट्रोलरवरचा भार वाढतो आणि सिग्नल स्वच्छ राहत नाही. रायझन ७००० आणि ९००० या दोन्हींसाठी चार स्टिक लावल्यास एएमडीचा अधिकृत वेग ३६०० आहे. इंटेलच्या १२व्या पिढीतही चार स्टिक असताना तो ४००० किंवा ३६०० पर्यंत उतरतो. म्हणजे ६००० चे दोन किट घेऊन चार स्टिक बसवल्या आणि वेग ३६०० दिसला, तर रॅम सदोष आहे असे म्हणता येणार नाही. डीडीआर५ चा सुरुवातीचा वेगही ४८०० असताना हा आकडा धक्कादायक वाटतो, पण तो प्रोसेसरच्या माहितीपत्रकातच असतो.

किमती वाढल्यामुळे आणखी एक प्रकार वाढण्याची शक्यता आहे. जुनी स्टिक तशीच ठेवून शेजारी दुसऱ्या कंपनीची किंवा सेकंडहँड स्टिक लावायची. अशा वेळी बोर्ड दोन्हींना झेपेल असा वेग निवडतो, म्हणजे कमी वेगाच्या स्टिकच्या चालीने दोन्ही चालतात. प्रोफाइल सुरू केले तर ते एका स्टिकला मानवते, दुसरीला मानवेलच असे नाही. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, पण वेगवेगळ्या वेळी घेतलेले दोन किटही एकमेकांशी जुळतीलच असे नाही, कारण आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. म्हणूनच दोन स्टिक एकाच खोक्यात, एकत्र तपासून विकल्या जातात.

दोन स्टिक कोणत्या स्लॉटमध्ये लावल्या, यानेही फरक पडतो. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजल्यास दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. पहिल्या आणि तिसऱ्यात लावल्यास संगणक चालतो, पण जास्त वेगावर अडखळतो. शेजारी शेजारी लावल्यास दोन वाटांऐवजी एकाच वाटेने डेटा जातो. बोर्डाच्या पुस्तिकेत स्लॉटची आकृती असते.

प्रोफाइल सुरू केल्यावर संगणक चालूच होत नाही. काय करायचे?

घाबरण्याचे कारण नाही. बहुतेक बोर्ड दोन-तीन प्रयत्न फसल्यावर आपोआप मूळ वेगावर परततात. तसे न झाल्यास वीजपुरवठा काढून, पुस्तिकेत दाखवल्याप्रमाणे बायोसची सेटिंग पुसता येतात. याला क्लिअर सीमॉस म्हणतात. त्यानंतर एकेक पायरी तपासत जावे.

सर्वांत आधी स्टिक काढून योग्य स्लॉटमध्ये पुन्हा नीट बसवाव्यात. मग मदरबोर्ड कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून बायोसची नवी आवृत्ती घ्यावी, विशेषतः डीडीआर५ बोर्डांवर, कारण रॅमबाबतच्या सुधारणा त्यातूनच येतात. अपडेट सुरू असताना वीज जाणार नाही, याची खात्री हवी. त्याच संकेतस्थळावर बोर्डाने तपासलेल्या रॅमची यादी असते. आपल्या किटचा मॉडेल क्रमांक तिथे आहे का आणि तो वेग किती स्टिकसाठी दिला आहे, हे पाहावे.

तरीही जमले नाही तर प्रोफाइल सुरू ठेवून फक्त वेग एक-दोन पायऱ्या खाली आणावा. ६००० ऐवजी ५८०० किंवा ५६००. एवढ्याने संगणक स्थिर झाला तर प्रत्यक्ष वापरात तो फरक बहुतेकांना जाणवणारही नाही. व्होल्टेज मात्र अंदाजाने वाढवू नये.

वेग मिळाला, म्हणजे प्रश्न संपला?

नाही, आणि खरा धोका इथेच आहे. विंडोज सुरू झाली, ६००० दिसले, याचा अर्थ रॅम त्या वेगावर अचूक काम करते आहे असा होत नाही. अस्थिर रॅममुळे अधूनमधून निळी स्क्रीन येते, गेम मध्येच बंद पडतो. त्याहून वाईट म्हणजे काहीही न दिसता फायली बिघडू शकतात. रॅममधून जाताना एखादा बिट उलटला आणि तसाच डिस्कवर लिहिला गेला, तर लग्नाचे फोटो असोत की दुकानाचा हिशेब, बिघाड कळतो तो फाइल उघडायला गेल्यावर. घरगुती संगणकांतील साध्या डीडीआर५ मध्ये चिपच्या आत चूक सुधारण्याची सोय असली, तरी रॅम ते प्रोसेसर या वाटेवरच्या चुका ती पकडत नाही.

त्यामुळे वेग बदलल्यावर तपासणी आवश्यक आहे. मेमटेस्ट८६ हे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करता येतो. तपासणीला काही तास लागतात, रात्रभर लावून ठेवणे सोयीचे. एक जरी चूक दिसली तरी तो वेग सोडून द्यावा.

या तपासणीचा दुसरा फायदा तक्रारीच्या वेळी होतो. प्रोफाइल बंद करून, मूळ वेगावर एकेक स्टिक वेगळी तपासावी. मूळ वेगावरही चुका येत असतील आणि त्या एकाच स्टिकमागे जात असतील, तर ती स्टिक सदोष आहे आणि वॉरंटीचा दावा सरळ आहे. चुका फक्त जास्त वेगावर येत असतील, तर दोष रॅमचा, बोर्डचा की प्रोसेसरचा, हे एका संगणकावरून सांगता येत नाही. शक्य असल्यास तेच किट दुसऱ्या संगणकात लावून पाहावे.

वॉरंटीबाबत कंपन्या काय म्हणतात?

इथे जबाबदारीचा खरा घोळ दिसतो. रॅमची कंपनी ६००० हा आकडा दाखवून रॅम विकते. मदरबोर्डची कंपनी खोक्यावर त्याहून मोठे आकडे छापते. प्रोसेसरची कंपनी मात्र अधिकृत मर्यादेच्या पुढे गेल्यास हात झटकते. एक्स्पो ही एएमडीचीच पद्धत आहे. तरीही प्रसिद्ध केलेल्या मर्यादेबाहेर मेमरी चालवल्यास वॉरंटी लागू राहणार नाही, अगदी ते एएमडीच्याच साधनाने केले असले तरी, असे कंपनीच्या अटींत लिहिलेले आहे.

हा धोका केवळ कागदावरचा नाही. एप्रिल २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या. एक्स्पो सुरू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरच्या भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत असल्याचे समोर आले. त्यानंतर एएमडीने हे व्होल्टेज १.३ पर्यंत मर्यादित करणारे बदल बोर्ड कंपन्यांना दिले आणि बायोसच्या नव्या आवृत्त्या आल्या. त्या काळातील बोर्डावर आजही जुनाच बायोस असेल, तर एक्स्पो सुरू करण्याआधी तो बदलणे हिताचे.

भारतातील ग्राहकाला काय करता येईल?

अमेरिकेतील तडजोडीचे पैसे भारतात रॅम घेतलेल्यांना मिळणार नाहीत. मात्र भारतातील ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे. वस्तूचे खोटे वर्णन करणे आणि महत्त्वाची माहिती जाणीवपूर्वक लपवणे, हे दोन्ही त्यात येते. रॅमच्या खोक्यावरील आकडा या व्याख्येत बसतो का, हे प्रकरणागणिक ठरेल. सेटिंग बदलून वेग मिळत असेल तर तक्रार टिकणे कठीण. दुकानदाराने विशिष्ट बोर्डावर हा वेग मिळेल असे सांगून किंवा लिहून देऊन रॅम विकली आणि तो बोर्ड त्या वेगाला मुळात परवानगीच देत नसेल, तर ग्राहकाची बाजू बरीच भक्कम होते.

अशा वेळी आधी दुकानदार आणि कंपनीकडे लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. ऑनलाइन तक्रारीसाठी ई-जागृती पोर्टल आहे. या सगळ्यासाठी लागते ती एकच गोष्ट, मॉडेल क्रमांक लिहिलेले पक्के बिल. जीएसटी वाचवण्यासाठी कच्च्या पावतीवर महाग रॅम घेणाऱ्यांचा दावा इथेच ढिला पडतो.

या वेगाने फरक तरी किती पडतो?

ते कामावर अवलंबून आहे. ब्राउझर, टॅली, वर्ड, ऑनलाइन वर्ग यांत ४८०० आणि ६००० मधला फरक ओळखता येणार नाही. गेम, विशेषतः वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकावरचे गेम, व्हिडिओ एडिटिंग आणि मोठ्या फायली दाबून लहान करणे, अशा कामांत तो दिसतो.

आकड्यांत पाहायचे तर ४८०० च्या दोन स्टिक मिळून सेकंदाला कमाल ७६.८ गिगाबाइट डेटा वाहून नेतात. ६००० च्या दोन स्टिक ९६ गिगाबाइट. आणि ६००० ची एकच स्टिक? फक्त ४८ गिगाबाइट. म्हणजे बजेटमुळे एकच वेगवान स्टिक घेणाऱ्यापेक्षा तेवढ्याच क्षमतेच्या दोन साध्या स्टिक घेणारा पुढे राहतो. वेगासोबत सीएल हा आकडाही पाहावा, कारण डेटा मागितल्यावर तो मिळायला लागणारा वेळ त्यावर ठरतो. ४८०० सीएल४० मध्ये तो सुमारे १६.७ नॅनोसेकंद, ६००० सीएल४० मध्ये १३.३, तर ६००० सीएल३० मध्ये १०. दोन किटवर ६००० हाच आकडा असला, तरी ती सारखी नसतात.

खरेदीआधी काय विचारावे?

सध्याच्या भावात चुकीची रॅम बदलून घेणे परवडणारे नाही. त्यामुळे पैसे देण्याआधी चार प्रश्न विचारावेत. आपला प्रोसेसर अधिकृतपणे किती वेग मान्य करतो? बोर्डाचा चिपसेट त्याच्या पुढे जाऊ देतो का? हवी तेवढी क्षमता दोन स्टिकमध्ये मिळते का? आणि बोर्डाच्या तपासलेल्या यादीत हे मॉडेल आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर जास्त वेगाचे पैसे वाचवून तेच क्षमतेवर खर्च करणे शहाणपणाचे. संगणक असेंबल करून घेत असाल तर प्रोफाइल सुरू करून, टास्क मॅनेजरमधला वेग दुकानातच दाखवायला सांगावे. अमेरिकेतील दाव्यांनंतर कंपन्या खोक्यावर ‘पर्यंत’ हा शब्द छापतील. तो छापला गेला की वेग मिळतो का हे पडताळण्याची जबाबदारी मात्र अधिक स्पष्टपणे ग्राहकावर येईल.